कोकण रेल्वे विलीन झाली तर पेडणे–काणकोण लोकल कोण चालवणार? सरकार, महामंडळ की खासगी कंपनी?

रानमोगरा (पेडणे) – धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायचा विषय वर आल्यापासून इथे दोन-तीन धाग्यांवर तोच वाद चाललाय. काही जण म्हणतात, महामंडळ गेलं आणि कारभार थेट रेल्वे बोर्डाकडे आला की गाड्या वाढतील. काही म्हणतात, गाड्या चालवायचं काम खासगी कंपन्यांना देऊन टाका, निदान वेळेवर तरी धावतील. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, म्हणून वेगळा धागा काढतेय.

कोकण रेल्वे आजसुद्धा कंपनीच आहे. १९९० साली तिची नोंदणी झाली. भागभांडवल केंद्राचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकाचं १५, गोवा आणि केरळचं प्रत्येकी ६. त्या वेळी मधु दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून हा मार्ग व्हायला अजून किती पिढ्या गेल्या असत्या कोण जाणे. रोखे काढून पैसा उभा केला आणि १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी रोहा ते ठोकूर पूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला. खर्च भरून काढायचा म्हणून या मार्गावर प्रवासी भाडं काढताना अंतर ४० टक्के वाढवून धरतात. शंभर किलोमीटर गेलात तर एकशे चाळीसचे पैसे. म्हणजे गोवा या कंपनीचा भागीदार आहे आणि गोव्याचा प्रवासी तिचं कर्ज फेडणाराही आहे.

एवढं असून गोव्याच्या आतल्या प्रवासाला या रेल्वेचा उपयोग किती? पेडणे, थिवी, करमळी, वेर्णे, माजोर्डे, मडगाव, बाळ्ळी, काणकोण, लोलये, सगळी स्टेशनं गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत एका ओळीत आहेत. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत स्टेशनापासून जवळ. २०२२ पासून अख्खा मार्ग विजेवर आहे. तरी शिफ्टच्या आणि कॉलेजच्या वेळा धरून आखलेली लोकल नाही. पेडण्याची पोरं दुचाकीवरून महामार्गाने वेर्ण्याला जातात, पावसातसुद्धा. वंदे भारत आली, तेजस आली, त्यांचा मला आनंदच आहे. पण त्या मुंबई आणि मडगाव यांच्यासाठी आहेत.

जिथे जिथे वेगवेगळ्या कंपन्या राष्ट्रीय रुळांवर गाड्या चालवतात, तिथे तोट्यातली लोकल कोण चालवतं आणि का चालवतं? बाहेरदेशी राहणाऱ्यांनी आणि रेल्वेत काम केलेल्यांनी कृपया लिहा.

स्विंडनवासी

रानमोगराबाय, बरं झालं विचारलंत. मी मूळचा सावर्ड्याचा, आता इंग्लंडात. इथल्या स्विंडन शहरात आपले गोंयकार किती आहेत ते सगळ्यांना ठाऊकच आहे. रविवारी प्लॅटफॉर्मवर कोंकणी ऐकू येते.

इथली पद्धत थोडी खोलात सांगतो. १९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेलचे तुकडे केले. रूळ, सिग्नल, पूल एका कंपनीकडे. डबे आणि इंजिनं तीन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे. आणि गाड्या चालवणाऱ्या पंचवीसेक कंपन्या वेगळ्याच. त्यांचे स्वतःचे रूळ नाहीत, बहुतेकांचे स्वतःचे डबेही नाहीत. चालक, गार्ड, तिकीट तपासनीस, वेळापत्रक सांभाळणारे लोक, आणि डब्यावरचा रंग, एवढंच त्यांचं. तरी प्रवाशाला तिकीट मात्र एकच चालतं. तीन कंपन्यांच्या गाड्या बदलल्यात तरी नॅशनल रेलच्या नावाखाली एक तिकीट, आणि पैसे आतल्या आत वाटले जातात.

आता तुमचा प्रश्न. या कंपन्या काही धर्मादाय नव्हत्या. तोट्यातली गाडी त्या चालवायच्या, कारण सरकारशी केलेल्या करारात कुठल्या स्टेशनावर दिवसाला किमान किती गाड्या थांबल्या पाहिजेत, पहिली कधी, शेवटची कधी, हे लिहिलेलं असायचं. नफ्याचा मार्ग असेल तर कंपनी सरकारला पैसे द्यायची, तोट्याचा असेल तर सरकार कंपनीला. वेल्सच्या डोंगरातल्या लहानशा स्टेशनालासुद्धा गाडी मिळते ती अशा करारामुळेच.

उशिराचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला की तो कुणाच्या नावावर टाकायचा हे ठरवायला माणसं नेमलेली आहेत. सिग्नल बिघडला तर रूळवाल्याच्या नावावर, चालक आला नाही तर गाडीवाल्याच्या. त्याप्रमाणे एकमेकांना पैसे द्यायचे. प्रवाशाचा वेगळा हक्क. मी उत्तरेकडे जाताना एकदा गाडी तासाहून जास्त रखडली. फोनवर तिकिटाचा फोटो पाठवला आणि त्या फेरीचं पूर्ण भाडं खात्यात परत आलं. कंपनीला पत्रं लिहून मिनतवाऱ्या कराव्या लागल्या नाहीत.

पण हे सगळं गोड चाललं असं समजू नका. रूळ सांभाळणारी रेलट्रॅक ही खासगी कंपनी होती. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफिल्डला तडे गेलेला रूळ तुटून चार माणसं मेली. वर्षभरात कंपनी बुडाली आणि २००२ मध्ये तिचं काम नेटवर्क रेल या नव्या संस्थेकडे आलं. लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर तर एकामागून एक कंपन्यांनी फुगवून बोली लावल्या आणि कबूल केलेले पैसे देता येईनात म्हणून मार्ग सोडला. २००९ आणि २०१८ अशा दोन वेळा सरकारला तो हातात घ्यावा लागला. करोनात प्रवासीच नाहीत म्हटल्यावर २०२० मध्ये ही करारावर मार्ग देण्याची फ्रँचाइझी पद्धतच संपवली. आता २०२४ च्या कायद्याने करार संपतील तशा कंपन्या सरकारच्या ताब्यात येताहेत. मे २०२५ मध्ये पहिली आली ती साउथ वेस्टर्न रेल्वे.

माड_आणि_मीठ

माहितीपूर्ण प्रतिसाद. भाडं कंपनी ठरवते का? की तेही करारात?

स्विंडनवासी

साधारण निम्मी भाडी सरकारच्या नियंत्रणाखाली, त्यात रोज जाणाऱ्यांचे पास येतात. बाकीची कंपनी ठरवते. आयत्या वेळी काढलेलं तिकीट फार महाग पडतं आणि त्यावर इथले लोक खरंच चिडलेले असतात.

तिस्कर (फोंडा)

एक दुरुस्ती आधीच करून टाकतो, कारण हा गैरसमज प्रत्येक धाग्यावर येतो. मुंबईहून आपल्याकडे येणारी तेजस खासगी नाही. २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा ती करमळीपर्यंत यायची, आणि ती पहिल्यापासून रेल्वेचीच आहे. आयआरसीटीसीच्या, म्हणजे रेल्वेची तिकिटं आणि खानपान बघणाऱ्या कंपनीच्या, तेजस वेगळ्या. लखनौ–नवी दिल्ली ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि अहमदाबाद–मुंबई जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. आणि आयआरसीटीसी हीसुद्धा सरकारचाच मोठा वाटा असलेली कंपनी. तिने रेल्वेकडून गाडी घेतली, गाडी ओढून नेण्याचे पैसे रेल्वेला भरले, चालक आणि गार्ड रेल्वेचेच. भाडं मात्र स्वतः ठरवलं, आणि तासाहून जास्त उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांहून जास्त झाला तर २५० रुपये परत द्यायचं जाहीर केलं. करोनात डबे रिकामे जायला लागले तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही गाड्या बंद ठेवल्या. रानमोगराताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. प्रवासी नसले तर कंपनी गाडी उभी करते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, गाडी चालवायचं बंधनच तिच्यावर नव्हतं.

खऱ्या अर्थाने खासगी गाड्यांचा प्रयत्न जुलै २०२० मध्ये झाला. १०९ मार्गजोड्या, १५१ गाड्या, ३५ वर्षांचा करार, ३०,००० कोटींची गुंतवणूक अपेक्षित. सुरुवातीला बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी रस दाखवला. २०२१ मध्ये प्रत्यक्ष बोली उघडली तेव्हा दोनच नावं निघाली, आयआरसीटीसी आणि मेघा इंजिनीअरिंग. पुढे ते सगळं बारगळलं.

कारण माझ्या मते साधं आहे. रूळ रेल्वेचे, सिग्नल रेल्वेचा, वेळापत्रक रेल्वेचं, आणि त्याच मार्गावर स्वस्त भाड्याची गाडीही रेल्वेचीच. मग तुमच्या गाडीला बाजूला उभी करून दुसरी पुढे काढली, तर तक्रार कुणाकडे? ब्रिटनमध्ये त्यासाठी स्वतंत्र नियामक आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली होती, पण पंच मैदानात उतरलाच नाही. अशा स्थितीत कोण शहाणा ३५ वर्षांसाठी पैसे अडकवील?

चालल्या त्या भारत गौरव योजनेतल्या पर्यटन गाड्या. जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून शिर्डीला पहिली खासगी गाडी गेली. पण त्या भाविकांच्या आणि पर्यटकांच्या, शिफ्टला जाणाऱ्यांच्या नाहीत.

दर्यावर्दी

मी जहाजावर असतो, सध्या रजेवर काणकोणात. स्विंडनबाबांचं वाचलं, आता जर्मनीचं सांगतो, कारण मला ते गोव्याला जास्त लागू पडेल असं वाटतं.

हॅम्बुर्गला आमचं जहाज दुरुस्तीला लागलं की आम्ही सुट्टीत ब्रेमेनला जायचो. त्या मार्गावर मेट्रोनोम नावाच्या कंपनीच्या निळ्या-पिवळ्या दुमजली गाड्या धावायच्या. मी समजत होतो डबे कंपनीचे. एकदा तिकीट तपासनीस बाईंशी बोलत बसलो तेव्हा कळलं की डबे लोअर सॅक्सनी राज्याच्या संस्थेचे, रूळ केंद्राच्या रेल्वेचे, आणि मेट्रोनोमकडे ठरावीक वर्षांचं गाडी चालवायचं कंत्राट. कंत्राट संपलं की दुसरी कंपनी येऊ शकते, डबे तिथेच राहतात.

१९९६ पासून जर्मनीत लोकल गाड्या मागवायचा अधिकार राज्यांकडे आहे. केंद्र त्यासाठी दरवर्षी राज्यांना पैसे देतं. राज्य ठरवतं: या मार्गावर तासाला एक गाडी, सकाळी दोन. मग बोली मागवतात आणि कमी पैशात कोण नीट चालवील ते बघतात. कधी सरकारी डॉइचे बानलाच कंत्राट मिळतं, कधी खासगीला. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या या पद्धतीत येत नाहीत, त्या ज्याच्या त्याने स्वतःच्या हिमतीवर चालवायच्या.

आपल्याकडे असं काही नाही म्हणू नका. ‘म्हजी बस’ योजनेत काय केलंय? खासगी बसमालकाची बस, पण कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, नावाखाली, आणि पैसे किलोमीटरवर. तिकिटं किती फाटली याची काळजी मालकाला नाही, फेरी झाली पाहिजे. तेच रेल्वेला लावा. गोवा सरकारने लोकल मागवावी, फेऱ्यांचे पैसे द्यावे, आणि चालवणारा कोण हे मग ठरवावं.

रानमोगरा

दर्यावर्दीबाब, हाच मुद्दा मला हवा होता आणि नीट मांडता येत नव्हता. गाडी कोण चालवतो यावर आपण भांडतो, पण गोव्याच्या वतीने गाडी मागवणारंच कुणी नाही.

कुळेंघाट

मी रेल्वेतून निवृत्त. कुळ्याला बरीच वर्षं काढली. थोडं जुनं सांगतो, कारण गोव्यात कंपनीने गाड्या चालवणं ही मुळात सव्वाशे-दीडशे वर्षांची गोष्ट आहे.

मुरगाव बंदर आणि घाटावरून येणारा लोहमार्ग ही दोन्ही कामं लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीची. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला, त्यातून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे निघाली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव ते घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक अशी गाडी सुरू झाली. रूळ पोर्तुगीज हद्दीत, भांडवल लंडनचं, माल ब्रिटिश मुलखातला. मालाची अपेक्षा होती तेवढी आवक झाली नाही. शेवटी १९०२ मध्ये गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोपवलं. म्हणजे रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, हे आपल्या घाटाने इंग्लंडच्या ९० वर्षं आधी पाहिलंय.

आणि घाट म्हणजे काय ते वरून येणाऱ्या प्रवाशाला कळत नाही, धबधबा बघण्यात वेळ जातो. कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंत चढ ३७ ला १. चढणारी गाडी कुळ्याला थांबते, मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लागतात. मागच्या चालकाला पुढचं काही दिसत नसतं. पुढच्याने खुणेची शिट्टी दिली की मागच्याने जोर धरायचा. जोर कमी-जास्त झाला तर कपलिंगवर ताण येतो. उतरताना त्याहून जपावं लागतं, ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. ही कामं करणारी माणसं त्याच घाटात तयार होतात. कंत्राट बदललं, कंपनी बदलली, तरी या माणसांना हलवू नका, एवढं माझं मागणं आहे. रुळावरचा अनुभव कागदावर उतरवून दुसऱ्याला देता येत नाही.

आणखी एक. तुम्ही सगळे पेडणे–काणकोण म्हणताय. वास्को–मडगाव–सावर्डे–कुळे हा मार्ग विसरू नका. तो हुबळीच्या दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे. मडगावला दोन्ही रेल्वे भेटतात. लोकल मागायची तर दोन्ही मार्गांची एकत्र मागा, नाहीतर वास्कोचा माणूस मडगावला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत बसेल.

जुवारीपार

मी थोडा विरोधी सूर लावतो. लोकल हवी यावर दुमत नाही. पण विलीनीकरणाबद्दल इथे सगळे फारच सहज बोलताहेत.

कोकण रेल्वे वेगळी राहिली म्हणून पावसाळ्याकडे तिचं लक्ष राहिलं. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीला दरडींमुळे अपघात झाले. त्यानंतर उतार कापले, जाळ्या मारल्या, पावसात दिवसरात्र गस्तीची माणसं ठेवली. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावतीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायची यंत्रं आहेत. जोराचा पाऊस असेल तर वेग ताशी ४० वर आणतात. पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं. एवढं करूनही पेडण्याच्या बोगद्याने २०२० मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये गाड्या अडवल्या. तिथली माती बांधकामाच्या वेळेपासून त्रास देतेय. मोठ्या रेल्वेत मिसळल्यावर या ७४१ किलोमीटरला वेगळा पैसा आणि वेगळी माणसं मिळतील याची हमी कोण देणार?

तिस्कर (फोंडा)

जुवारीपार, चिंता रास्त आहे. पण दुसरी बाजूही बघा. रोहा ते वीर सोडलं तर पुढे सगळा एकेरी मार्ग. दुपदरीकरणाला हजारो कोटी लागतील, आणि कर्ज फेडण्यात दमलेलं महामंडळ ते कुठून आणणार? राज्यांनी संमती दिली ती त्यासाठीच. महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती देताना कोकण रेल्वे हे नाव राहिलं पाहिजे आणि आम्ही घातलेले पैसे परत मिळाले पाहिजेत, अशा अटी घातल्या. गोव्याने आपल्या ६ टक्क्यांच्या बदल्यात काय मागितलं, हा प्रश्न आपण आपल्या आमदारांना विचारायला हवा.

गणिताची_बाई

एकेरी मार्गाचा मुद्दा इथे थोडा पुढे न्यायला हवा. लोकल मागणं सोपं, तिला जागा काढणं अवघड. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर कुणीतरी स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायलाच हवं. थांबते ती नेहमी कमी मानाची गाडी. वंदे भारत, राजधानी, जनशताब्दी पुढे जाणार आणि आपली लोकल थिवीला उभी राहणार. कंपनी खासगी असो की सरकारी, हे गणित बदलत नाही. म्हणून करारात फेऱ्यांची संख्या लिहून भागणार नाही. सकाळच्या दोन तासांत आणि संध्याकाळच्या दोन तासांत गोव्याच्या हद्दीत लोकलला प्राधान्य, असं लिहून घ्यायला हवं. गाडी मेमूच, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेची लोकलच हवी. दोन्ही टोकांना चालकाची केबिन, इंजिन फिरवायची कटकट नाही, आणि स्टेशनातून लवकर वेग घेते.

दुपदरीकरणाचंही सांभाळून बोला. मोल्याच्या जंगलातून जाणाऱ्या दुसऱ्या रुळाविरुद्ध २०२० मध्ये चांदरच्या फाटकावर लोक रात्रभर बसले होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट ते कुळे या भागाची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. गोव्याचा माणूस रेल्वेच्या विरोधात नाही. ती कुणासाठी आहे हे मात्र त्याला आधी कळायला हवं.

माड_आणि_मीठ

सहमत. खासगी कंपनीला गोव्यात लोकल चालवायला दिली आणि तिने पर्यटकांना परवडेल असं भाडं लावलं तर? पास शंभर टक्के सरकारच्या हातात हवा.

रानमोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. जुवारीपारांचा विरोधही मी मसुद्यात घेतलाय. आमदारांना आणि वाहतूक खात्याला द्यायच्या निवेदनात सध्या एवढं लिहिलंय:

विलीनीकरणाच्या करारात गोव्याच्या हद्दीतल्या किमान लोकल फेऱ्या नोंदवाव्यात, पेडणे–काणकोण आणि वास्को–कुळे दोन्ही मार्गांवर, मडगावला एकमेकींशी जुळतील अशा वेळांनी. कामाच्या वेळेत लोकलला प्राधान्य द्यावं. ४० टक्के वाढीव अंतराचं भाडं विलीनीकरणाच्या दिवसापासून बंद करावं. पावसाळ्यातल्या गस्तीचा आणि दरडी रोखायच्या कामांचा निधी वेगळा दाखवावा. तोटा होईल तो राज्य आणि केंद्र यांनी कसा वाटून घ्यायचा हे आधी ठरवावं, म्हणजे तोट्याचं निमित्त करून गाडी बंद होणार नाही. चालवणारा कुणीही असो, उशीर झाल्यास भरपाई आणि तक्रार ऐकणारा एकच अधिकारी गोव्यात असावा.

कुळेंघाट

ठीक उतरलंय. घाटातल्या कर्मचाऱ्यांची ओळ घाला.

जुवारीपार

गस्तीच्या निधीची ओळ वरती घ्या, लोकलच्या लगेच खाली. एवढं केलंत तर माझीही सही घ्या.

रानमोगरा

दोन्ही बदल करते. वेर्ण्याच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळा मी गोळा करतेय, कारण वेळा न देता फेऱ्या मागितल्या तर दुपारी बारा वाजता गाडी देऊन मोकळे होतील. काणकोण आणि बाळ्ळीकडच्या कॉलेजांच्या वेळा दर्यावर्दीबाब रजा संपायच्या आत पाठवतील का? थिवी आणि करमळीच्या बाजूचं कुणी असेल तर इथेच लिहा. ग्रामसभांमध्ये आणि पेडणे, काणकोण पालिकांमध्ये एकच मसुदा जायला हवा.